एक, दोन, तीन, तीन

राजमान्य राजेश्री इंजिनवाले वस्ताद यांसी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मागच्या गणपतीत तुम्ही आमच्या फियाटचं इंजिन बांधून दिलंत. गणपती दहा दिवसांत गेले, इंजिनाची थरथर मात्र सात महिने मुक्कामाला राहिली. ती गेल्या आठवड्यात गेली. कशी गेली, हे तुम्हाला कळवावंसं वाटलं. खरं तर समोर येऊनच सांगायचं होतं. पण तुमच्या दुकानात पाऊल टाकलं की तुम्ही आधी चहा मागवता, आणि तुमचा चहा प्यायल्यावर माणसाच्या तोंडून तक्रार निघत नाही, हा अनुभव मी चार वेळा घेतलाय. म्हणून हे पत्र. उघडं अशासाठी की तुमच्यासारखे गुणी लोक गावोगावी आहेत, आणि प्रत्येकाला वेगळं लिहायचं तर पोस्टाची तिकिटं परवडायची नाहीत. तुमचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या गिऱ्हाइकांना ते लागणारही नाही. त्यांच्या हातातला कागद गाडीत बसून वाचताना आपोआप हलेल.

गाडी तुमच्या लक्षात असेलच. वडिलांनी ती १९८६ साली घेतली. नंबर लावून वाट बघायचे ते दिवस. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला कोणी कधी पद्मिनी म्हटलं नाही, ती फियाटच. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५चा स्ट्रोक आणि स्टिअरिंगखाली हाताचा गिअर. वडील गेले, गाडी राहिली. मागच्या पावसाळ्यात ती पेट्रोलबरोबर ऑइलही प्यायला लागली आणि मागून निळा धूर सोडायला लागली. तुम्ही बॉनेट उघडलंत, ऑइलची पट्टी बाहेर काढून बोटावर चोळलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, “फुल इंजिन, साहेब.” नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याकडे बघावं तसा मी तुमच्याकडे बघत राहिलो.

काम तुम्ही झकास केलंत, हे आधीच सांगून टाकतो. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घातलेत, क्रँक ग्राइंड करून आणलात, बेअरिंगं नवी, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह बसवून घेतलेत, हेडचं फेसिंग केलंत. चावी फिरवली तर पहिल्या सेल्फला इंजिन उठलं. मागे धुराचा मागमूस नाही. मी तुमच्या हातावर पैसे ठेवले, तुम्ही ते डोळ्यांना लावलेत, आणि मी गाडी रस्त्यावर काढली.

कोपऱ्यावर पोचलो तोवर आरशात मागचा एक टेम्पो दोन दिसायला लागला. डॅशबोर्डवरचा गणपती, जो जवळजवळ चाळीस वर्षं पद्मासनात होता, तो नाचरा गणपती झाला. उभ्या गाडीत रेस दिली तर स्टिअरिंगमधून खांद्यापर्यंत मुंग्या. सत्तरीच्या आसपास तर सबंध गाडी एका सुरात गुणगुणायची, आणि मागच्या सीटवरून आई म्हणायची, “माझ्या कवळीचं तेवढं बघ रे.” साताऱ्याच्या मावशीने बरणी भरून दही दिलं होतं. खंबाटकी उतरून पुण्यात पोचलो तेव्हा त्यावर लोण्याचा गोळा तरंगत होता. बायकोने तो काढून घेतला आणि मला म्हणाली, “सेहेचाळीस हजारांत रवी बरी मिळाली.”

दुसऱ्याच दिवशी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही बॉनेटवर तळवा ठेवलात. चहा आला. आणि मग तुम्ही ते वाक्य बोललात, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे: “नवीन इंजिन आहे, साहेब. रनिंगमध्ये सेट होईल.”

या वाक्याला तोड नाही. त्यात तुमची काही जबाबदारी नाही, माझ्यावर थेट आरोप नाही, आणि पुढचा एक महिना तुमचा सुखाचा. हजार किलोमीटर चालवा म्हणालात. हजार झाले. मग म्हणालात, ही जुनी इंजिनं चिवट, अडीच हजार लागतात. अडीच झाले. मग पाच हजार. तुमचा आकडा माझ्या मीटरच्या कायम पुढे पळत राहिला.

रनिंगमध्ये काय सेट होतं, हे आता मला कळलंय. नव्या रिंगा बोअरच्या भिंतीवर घासून जुळतात, ऑइल खाणं कमी होतं, सुरुवातीचं आखडलेपण जातं. ते सगळं झालं आणि छान झालं. पण जे माप चुकलंय ते चालवून दुरुस्त होत नाही. वजन तर अजिबातच नाही. रनिंगने वजन उतरतं हा समज तळजाईच्या टेकडीवर रोज पहाटे शेकडो पुणेकर खोटा ठरवतात. मीही त्यांतलाच एक. माझं उतरलं नाही, तर लोखंडाचं कुठून उतरणार?

मध्यंतरी तुम्ही हातावर हात ठेवून बसला होतात असं मात्र नाही. प्रत्येक भेटीत नवा आरोपी हजर केलात. पहिल्यांदा टायर. तुमच्या सांगण्यावरून मी चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून आलो. आता विचार करा, वस्ताद. गाडी दारात उभी, न्यूट्रलमध्ये, चाकं जागची तसूभरही हललेली नाहीत, तरी ती थरथरतेय. त्या थरथरीसाठी मी चाकांचं बॅलन्सिंग केलं. यात मोठा मूर्ख कोण, यावर पुढच्या चहाला बोलू.

मग आलं फाउंडेशन. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती जुनी झालीत म्हणालात. नवी आणली. थरथर वाढली, कारण नवं रबर जुन्यापेक्षा कडक होतं आणि इंजिनाची खबर आता जास्त इमानाने सीटपर्यंत पोचवायला लागलं. बातमी वाईट म्हणून आपण पेपर टाकणारा पोऱ्या बदलला होता. त्यानंतर पेट्रोल. “आजकाल त्यात इथेनॉल मिसळतात ना, साहेब.” म्हणजे माझं एक इंजिन सरळ करायचं तर तुम्ही देशाचं इंधन धोरण बदलायला निघालात. आणि शेवटी, सगळ्या वाटा संपल्यावर, “गाडीचं वय झालं आता.” इंजिन बांधून सात महिने झालेत, वस्ताद. इतक्या लवकर तर घरातल्या मिक्सरचंही वय होत नाही.

इथे आमच्या शेजारच्या काकांचा प्रवेश होतो. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. वय शहाहत्तर, ऐकायला थोडं कमी येतं. त्यामुळे ते इंजिन कानांनी कमी आणि हातांनी जास्त ऐकतात. एके रविवारी माझी गाडी सुरू होती आणि त्यांच्या ओट्यावरचा स्टीलचा पेला सरकत सरकत खाली पडला. पेला उचलून ते तडक आमच्याकडे आले. “किती दिवस असं?” मी म्हटलं, सात महिने. “काय काय बदललं?” मी यादी दिली. ते म्हणाले, “अरे, थरथर ही साक्षीदार असते. कधी येतेस आणि कधी जातेस, एवढंच तिला विचारायचं. पाना त्याच्यानंतर. तुझ्या मिस्त्रीने साक्षीदाराला न विचारता गावभर अटका केल्या.”

मग त्यांनी साक्षीदाराला विचारायला सुरुवात केली. तुमच्याकडे पुढेमागे कुणी माझ्यासारखा आला तर उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

पहिला प्रश्न: तू गाडी चालली की येतेस, की इंजिन फिरलं की? उभ्या गाडीत रेस दिली, थरथर आली. म्हणजे टायर, चाकं, अ‍ॅक्सल, प्रोपेलर शाफ्ट, सगळे निर्दोष सुटले. या प्रश्नाला वीस सेकंद लागले. मला त्याच उत्तरासाठी तुमच्याकडे दोन फेऱ्या आणि टायरवाल्याचं बिल पडलं होतं.

दुसरा: क्लच दाबल्यावर बदलतेस का? नाही. म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट सुटले. पण काकांनी लगेच बोट वर केलं. क्लच दाबला तरी प्रेशर प्लेट आणि तिचं झाकण फ्लायव्हीलबरोबर फिरतच राहतात, त्यामुळे ते सुटले नाहीत, जामिनावर आहेत.

तिसरा: एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय का? काकांनी एकेका प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच पडलं, म्हणजे चौघेही सारखं काम करत होते. कॉम्प्रेशन घेतलं, चौघांचं जवळपास एकच. चार भावांत कामचुकार कोणी नाही.

चौथा: बाहेरून कोणी हलवतंय का? फॅनबेल्ट उतरवला आणि एक मिनिट इंजिन चालवलं. पंखा, वॉटर पंप, डायनॅमो सगळे थांबलेले, थरथर चालूच. सायलेन्सरचा पाइप कुठे बॉडीला टेकत नाही ना, ते चाचपलं. फाउंडेशनचे बोल्ट सैल करून इंजिन त्याच्या मनाप्रमाणे बसू दिलं आणि मग आवळलं. तिथे थोडा फरक पडला, थरथरीत नव्हे, फक्त माझ्या मनाला.

पाचवा प्रश्न मला फार आवडला. काकांनी इंजिन चांगलं चढवलं आणि चावी बंद केली. आता आत स्फोट होत नाहीत, नुसतेच फेरे उतरत जातात. थरथर मात्र चावीबरोबर गेली नाही, फेऱ्यांबरोबर हळूहळू उतरत गेली. म्हणजे करंट, पॉइंट, डेल्को, कार्बोरेटर आणि भारत सरकारचं इथेनॉल, सगळे एका फटक्यात निर्दोष. गुन्हेगार पेटत नव्हता, फिरत होता.

सहाव्या प्रश्नाला माझी भाची आली. ती इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे तिने पाना कधी हातात धरलेला नाही, पण मोबाईल धरता येतो. फियाटला फेरे दाखवणारं मीटर नसतं. ते काकांनी कुठूनतरी उसनं आणलं आणि इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर धरलं, म्हणजे सेकंदाला २५. भाचीने मोबाईल डॅशबोर्डला घट्ट चिकटवला, गणपतीच्या शेजारी. मोबाईलच्या पोटात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, तो थरथरीचा आलेख काढतो. आता हिशेब बघा. फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते. तो मिसिंग मारत असता तर सेकंदाला साडेबारा धक्के. चार सिलिंडरच्या इंजिनाला एक जन्मजात थरथरही असते. एक आणि चार नंबरचे पिस्टन वर जातात तेव्हा दोन आणि तीन खाली येतात, आणि बरंचसं देणंघेणं तिथेच फिटतं. पण पिस्टन वरच्या अर्ध्या वाटेत जरा जास्त घाईत असतो, म्हणून थोडी बाकी उरते, ती फेऱ्याला दोनदा. म्हणजे सेकंदाला ५०. ती देवाने दिलेली, त्याबद्दल तुमच्यावर राग नाही. आणि एखाद्या फिरत्या वस्तूचं वजन एकीकडे जास्त असेल तर फेऱ्याला एक धक्का, सेकंदाला बरोबर २५.

आलेखावर ५० ला एक टेकडी होती. साडेबाराला सपाट माळ. आणि २५ ला लिंगाणा उभा होता.

भाचीने आलेख काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, “वजनात मारलंय कोणीतरी.”

इंजिन पुन्हा उतरवलं. जामिनावरच्या आरोपींना, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचच्या झाकणाला, काकांनी ओळखीच्या बॅलन्सिंगवाल्याकडे मशीनवर फिरवून आणलं. दोघेही चोख. मग इंजिन उलटं करून ऑइल चेंबर खोललं. आत सगळं स्वच्छ, चकचकीत, ऑइलने न्हालेलं. तुमचं काम आतून बघताना खोटं कशाला बोलू, मला तुमचा अभिमानच वाटला. काकांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, “नंबर वाच.”

कनेक्टिंग रॉडवर सिलिंडरचा नंबर ठोकलेला असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. रॉड आणि त्याची खालची टोपी एकत्र जुळवून त्याचं भोक कापलेलं असतं, त्यामुळे एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. म्हणून दोघांवर एकच नंबर. नवराबायकोच्या आधार कार्डावर एकच पत्ता असतो तसं.

मी वाचलं. एक. दोन. तीन. तीन.

पुन्हा वाचलं. लहानपणी पाढे म्हणताना अडखळलो की गुरुजी म्हणायचे, “परत म्हण.” परत म्हटलं. एक, दोन, तीन, तीन. काका काही बोलले नाहीत. त्यांनी टॉर्च बंद केला.

चारही रॉड पुसून आम्ही कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेलो. घरचा काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नाही, आणि काकांना ग्रॅमच्या आतला हिशेब हवा होता. सोनाराने काळे रॉड बघून विचारलं, “काय घडवायचंय?” मी म्हटलं, “अद्दल.” पहिल्या तीन रॉडांच्या वजनात दोन ग्रॅमचाही फरक नव्हता. चौथ्या जागेवरचा, म्हणजे तीन नंबरचा दुसरा, ४० ग्रॅम जड निघाला. मग काकांनी रॉडचं वरचं टोक दोऱ्याने टांगलं, खालचं काट्यावर टेकवलं, आणि प्रत्येक टोकाचं वजन वेगळं काढलं. जास्तीचा भार जवळजवळ सगळा खालच्या डोक्यात होता, म्हणजे क्रँकबरोबर गरगर फिरणाऱ्या बाजूला. दुकानात दागिने घ्यायला आलेल्या दोन बायका हा सोहळा थांबून बघत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “हल्ली नवीन डिझाइन काय काय येतात.”

आता तुम्ही म्हणाल, ४० ग्रॅम म्हणजे काय, दोन पेढे. बरोबर. मीही तेच म्हणालो. भाचीने कागद पुढे ओढला. स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणजे क्रँकवर रॉड फिरतो ते वर्तुळ साडेसदतीस मिलिमीटर त्रिज्येचं. त्या वर्तुळात ४० ग्रॅम मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवले तर ते बाहेरच्या बाजूला पावणेचार किलोच्या जोराने ओढतात. आणि हा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: फेरे दुप्पट केले की जोर चौपट. टॉप गिअरमध्ये सत्तरी ओलांडताना इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास असतं. तिथे तुमच्या दोन पेढ्यांचे १५ किलो होतात. म्हणजे आख्खा तेलाचा डबा. क्रँकच्या एका टोकाला कोणीतरी तेलाचा डबा बांधून तो सेकंदाला पन्नास वेळा गरगरा फिरवतंय, आणि वरून तुम्ही म्हणताय, साहेब, सेट होईल. तो काही सेट होणार नव्हता. क्रँकच्या बेअरिंगांचं मात्र हळूहळू पीठ झालं असतं, आणि मग मी पुन्हा तुमच्याकडेच आलो असतो.

घरी येऊन मी तुमचं बिल काढलं. ते मी तेव्हा वाचलं नव्हतं. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पिस्टन सेट, रिंगा, बेअरिंगं, गास्केट, मजुरी. आणि सगळ्यात खाली, तुमच्या सुंदर अक्षरात: किरकोळ, ६५० रुपये. सात महिने शोधत होतो तो आरोपी इतके दिवस माझ्याच कपाटात, नाव बदलून राहत होता.

हा किरकोळ कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनींचा शेवट ३० ऑक्टोबर २०२३ ला झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या टॅक्सी तुटत होत्या आणि त्यांची हाडं बाजारात येत होती. बहुधा तसल्याच एखाद्या टॅक्सीचा हा तीन नंबर. ज्या कुर्ल्यात गाडी बनली, त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारात तिचा रॉड ढिगात पडला, आणि तिथून तो आमच्या घरी चौथ्याच्या जागी येऊन बसला. लाखभर किलोमीटर मुंबईची माणसं वाहिलेला रॉड असेल तो. त्याच्यावर माझा राग नाही. तो जिथे होता तिथे आपल्या तीन भावांच्या वजनाचाच होता. त्याला परक्या घरात कोणी घातलं, प्रश्न एवढाच.

आणि वस्ताद, माझी खरी तक्रार ही की तुम्ही अडाणी नाही. अडाणी असतात तर मी पत्र लिहिलं नसतं, गुपचूप दुसरा मिस्त्री गाठला असता. मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत क्रँक मोजताना मी तुम्हाला बघितलंय. मापाला जागणारा माणूस वजनाच्या वेळी डोळे मिटतो, तेव्हा ते झोपेत मिटलेले नसतात. रॉड हातात घेतल्याबरोबर तुम्हाला तो जड लागला असणार. तुमच्या हाताला ४० ग्रॅम कळत नाहीत, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. नंबरही तुम्ही वाचला असणार. तुम्हाला चारपर्यंत मोजता येतं. बिलात तर तुम्ही हजारांपर्यंत बिनचूक गेला आहात.

मग असं का? याचं उत्तर शोधताना मला फार लांब जावं लागलं नाही, आरशापर्यंतच जावं लागलं. थरथर गेल्यामुळे आता त्यात एकच माणूस दिसतो. चतुर्थीच्या आदल्या चार दिवसांत मी तुम्हाला दहा फोन केले होते. “गणपती गाडीतूनच आणायचाय, काहीही करून द्या.” तुम्ही काहीही करून दिलंत. माझा मूळ चार नंबर वाकलेला निघाला असेल, नवा मिळायला आठवडा लागला असता, आणि मला आठवडा नको होता. काय काय बदललं, असं मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. किती झाले, हे विचारलं आणि लगेच म्हटलं, “थोडे कमी करा की.” तुम्ही दीड हजार कमी केलेत. त्या दीड हजारात जुळता रॉड आला असता, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. काकांनी मला तो साधारण तेवढ्यालाच आणून दिला. मग चारही रॉडांच्या टोकांना मुद्दाम ठेवलेलं जास्तीचं लोखंड किंचित घासून सगळे सर्वांत हलक्याच्या वजनाला आणले. सोनाराने शेवटची तपासणी फुकट केली, वर म्हणाला, “पुढच्या वेळी सोनं पण आणा.”

म्हणजे थरथर तुम्ही बसवलीत खरी, पण मागणी माझी होती. हे मी मान्य करतो. पण मी मान्य केलं म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. घाई माझी होती. “चौथा रॉड दुसऱ्या गाडीचा घातलाय, जरा हलेल, महिन्याभरात जुळता आणून बदलून देतो,” हे वाक्य तुमचं असायला हवं होतं. ते बोलायला “रनिंगमध्ये सेट होईल” पेक्षा तीनचार सेकंद जास्त लागले असते. मी चिडलो असतो, चहा घेतला असता आणि थांबलो असतो. थरथर मला सोसवली असती, वस्ताद. सात महिने मला वेडा ठरवणं सोसलं नाही.

पैसे परत मागत नाही. त्याऐवजी एक काटा घ्या. मायक्रोमीटर ठेवता त्याच कपाटात तो मावेल, आणि किंमत म्हणाल तर माझ्या बिलातल्या किरकोळपेक्षा फार नसेल. इंजिन मिटण्याआधी चार रॉड, चार पिस्टन त्यावर ठेवा आणि वजनं बिलामागे लिहा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्या. त्याला त्यातलं काही कळणार नाही, पण घरी एखादे काका असतात. आणि किरकोळ हा शब्द बिलातून कायमचा काढून टाका. इंजिनाच्या आत किरकोळ असं काही नसतं.

गाडी आता शांत आहे. गणपती पुन्हा पद्मासनात बसलाय. आई मागच्या सीटवर झोपते. दही दहीच राहतं, त्यामुळे बायकोची मात्र थोडी निराशा झाली आहे. चालू इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलतं, पण सांडत नाही. जे हलतं ते देवाचं.

कळावे, लोभ असावा. बॅलन्स असावा.

आपला,
चौथ्या नंबरचा मालक

ता. क. माझा मूळ चार नंबरचा रॉड अजून तुमच्याकडे पडला असेल तर जपून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. आणि तो वाकलेला नव्हताच, नुसता हाताशी होता म्हणून तुम्ही तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवला असेल, तर त्या गृहस्थांना माझा पत्ता द्या. सोनाराचा काटा कुठे आहे, हे मी त्यांना दाखवीन. आणि हो, त्यांना चहा देऊ नका.